छातीवरची पट्टी आणि कारखान्यातला सोमवार

१/
मराठवाड्यात विहीर खणताना काळा खडक लागला की सुरुंग लावावा लागतो. अनेक वर्षे ज्या जिलेटिनच्या कांड्यांनी हे सुरुंग उडवले गेले, त्यांतील स्फोटक द्रव्य आणि हृदयरुग्णाच्या छातीवर चिकटवल्या जाणाऱ्या औषधी पट्टीतील द्रव्य एकच आहे : नायट्रोग्लिसरीन. खडक फोडणारे हे रसायन हृदयाची कळ थोपवू लागले ते कसे, आणि ही पट्टी रोज काही तास काढून का ठेवावी लागते, याचा हा इतिहास. #थ्रेड

२/
आरंभ चुडाव्यापासून करू. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील हे गाव पूर्णा–नांदेड लोहमार्गावरील एक स्थानक आहे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. छातीच्या कळेवर पहिला खात्रीचा उपाय शोधणारा डॉक्टर १८८९ मध्ये याच संस्थानाच्या राजधानीत, निजामाच्या खर्चाने, येऊन गेला. त्याची कथा पुढे येईल. आधी त्या कळेविषयी.

३/
छातीतील कळ ही आधुनिक काळाची व्याधी नव्हे. सुश्रुतसंहितेत ‘हृच्छूल’ या नावाने तिचा उल्लेख आहे. युरोपात विल्यम हेबर्डेन या इंग्रज वैद्याने १७६८ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्ससमोर तिचे नेमके वर्णन वाचून दाखवले आणि १७७२ मध्ये ते छापले गेले. चालताना, विशेषतः चढावर किंवा जेवणानंतर, छाती आवळून येते. थांबले की कळ विरते. या व्याधीला त्याने ‘अंजायना पेक्टोरिस’ असे नाव दिले.

४/
हेबर्डेनकडे नाव होते, वर्णन होते. उपाय मात्र नव्हता. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या की श्रमाच्या वेळी मागणी वाढते आणि पुरवठा तोकडा पडतो. कळ उठते ती या तुटीमुळे. हा उलगडा पुढे हळूहळू झाला. तोवर रक्त काढणे, अफू, ब्रँडी आणि विश्रांती एवढेच वैद्यांच्या हाती होते.

५/
१८६७. एडिंबरोच्या रॉयल इन्फर्मरीत टॉमस लॉडर ब्रंटन हा तरुण डॉक्टर होता. रक्त काढल्यावर काही रुग्णांची कळ थांबते, हे त्याने पाहिले होते. मग रक्त न काढताच रक्तदाब उतरवला तर? एमिल नायट्राइट हुंगल्याने रक्तवाहिन्या सैलावतात, हे तोवर ज्ञात झाले होते. ब्रंटनने ते कापडावर टाकून रुग्णांना हुंगायला दिले. चेहरा लाल झाला आणि कळ मिनिटभरात ओसरली. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

६/
या उपायाला मर्यादा होत्या. एमिल नायट्राइट झटकन उडून जाणारे, उग्र वासाचे द्रव. त्याचा परिणाम काही मिनिटेच टिके. आलेली कळ ते घालवी. येऊ घातलेली कळ रोखणे त्याला शक्य नव्हते. कळ घालवणे आणि कळ येऊच न देणे, या दोन गोष्टींतील अंतर कापायला वैद्यकाला पुढे शंभरहून अधिक वर्षे लागली.

७/
आता दुसरा धागा. १८४७ मध्ये इटलीतील तुरीन येथे आस्कानियो सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञाने ग्लिसरीनवर तीव्र आम्लांची क्रिया करून एक तेलकट द्रव तयार केला. धक्का बसताच तो उडे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सोब्रेरोने त्याचा कणभर अंश जिभेवर ठेवून पाहिला, तर डोके भयंकर ठणकू लागले. नायट्रोग्लिसरीनचे दोन्ही गुण, स्फोट आणि डोकेदुखी, जन्मासोबतच नोंदले गेले.

८/
स्वीडनच्या आल्फ्रेड नोबेलने त्यातील स्फोटाचा माग घेतला. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोमजवळ त्याच्या कारखान्यात स्फोट झाला आणि मृतांत त्याचा धाकटा भाऊ एमिल होता. १८६७ मध्ये नोबेलने हा द्रव सच्छिद्र मातीत जिरवून डायनामाइट बनवले. १८७५ मध्ये स्फोटक जिलेटिन आले. बोरघाटातील रेल्वेमार्ग १८६३ मध्येच पूर्ण झाला होता; म्हणजे त्याचे बोगदे डायनामाइटपूर्व काळातले. पुढच्या पिढीने डोंगर फोडले ते नोबेलच्या कांड्यांनी.

९/
सोब्रेरोच्या डोकेदुखीचा माग मात्र वैद्यांनी घेतला. होमिओपॅथीचे कॉन्स्टंटाइन हेरिंग यांनी अमेरिकेत ‘ग्लोनॉइन’ या नावाने हे द्रव्य औषधात आणले. १८५८ मध्ये इंग्लंडमध्ये फील्ड नावाच्या डॉक्टरने वेदनेवर त्याचा उपयोग होतो असे लिहिले. इतरांनी ते खोडून काढले. कोणाला एका थेंबाने भोवळ येई, तर कोणाला काहीच होत नसे. वाद अनिर्णित राहिला आणि विषय मागे पडला.

१०/
खुद्द ब्रंटननेही नायट्रोग्लिसरीन स्वतःवर आजमावले. डोकेदुखी इतकी तीव्र होती की ते रुग्णांना देण्याचा विचार त्याने सोडून दिला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉस्पिटलमधील विल्यम मरेल यांनी एक टक्क्याच्या द्रावणाच्या बाटलीचे ओले बूच जिभेला लावून पाहिले. डोके त्यांचेही ठणकले. पण नाडीचा जो आलेख त्यांनी काढला, तो एमिल नायट्राइटच्या आलेखाशी जुळत होता. प्रश्न मात्रेचा आहे, हे त्यांच्या ध्यानात आले.

११/
१८७९ मध्ये मरेल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लेखमाला लिहिली : अत्यल्प मात्रेत दिलेले नायट्रोग्लिसरीन हृदयशूल थांबवते, आणि त्याचा परिणाम एमिल नायट्राइटहून अधिक काळ टिकतो. लवकरच ते औषधकोशात स्थिरावले. पुढे त्याला ‘ट्रायनायट्रिन’ हे सौम्य नाव मिळाले, कारण डायनामाइटच्या युगात औषधाच्या बाटलीवर ‘नायट्रोग्लिसरीन’ हा शब्द वाचून रोगी दचकला असता.

१२/
१८९६ मध्ये नोबेलला स्वतःलाच हृदयविकाराने गाठले. डॉक्टरांनी औषध लिहून दिले : नायट्रोग्लिसरीन. ऑक्टोबरमधील एका पत्रात, आपल्याला पोटात घेण्यासाठी हेच द्रव्य सुचवले जावे हा नियतीचा उपरोध आहे, अशा अर्थाचा उद्गार त्याने काढला. दीड-दोन महिन्यांत, १० डिसेंबर १८९६ रोजी, सान रेमो येथे त्याचे निधन झाले.

१३/
आता हैदराबाद. निजामाच्या दरबारी रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचा आग्रह होता की क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वास थांबल्याने, हृदय थांबल्याने नव्हे. लंडनमधील अनेकांना हे पटेना. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांच्या सरकारने एक हजार पौंड देऊ केले, आणि ‘लॅन्सेट’ने आपला प्रतिनिधी म्हणून लॉडर ब्रंटनला १८८९ मध्ये हैदराबादला पाठवले. त्या वेळी चुडाव्यावरून रेल्वे जात नव्हती. गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग त्यानंतर सुमारे दशकभराने आला.

१४/
दुसऱ्या हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोगाने शेकडो प्राण्यांवर प्रयोग केले आणि निकाल लॉरींच्या बाजूने दिला : आधी श्वास थांबतो. शस्त्रक्रियेच्या मेजाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांनी मात्र, श्वास चालू असताना नाडी अकस्मात बंद पडलेली पाहिली होती. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिले की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयाचे कप्पे अनियंत्रित थरथरून प्राण जाऊ शकतो. प्रयोगशाळेच्या थाटात प्रत्यक्ष निरीक्षण मागे सारले गेले होते. हीच चूक पट्टीच्या कथेत निराळ्या रूपाने पुन्हा भेटते.

१५/
कारण नायट्रोग्लिसरीनचे सर्वांत दीर्घ निरीक्षण कोणत्याही रुग्णालयात झाले नाही. ते झाले डायनामाइटच्या कारखान्यांत, मजुरांच्या शरीरावर. हे द्रव्य श्वासावाटे जाई आणि उघड्या हातांच्या त्वचेतून आत शिरे. नव्या मजुराचे डोके पहिल्या दिवसापासून ठणके. तीन-चार दिवसांत त्रास थांबे. शरीर सरावले, असे सारे म्हणत.

१६/
पण रविवारी सुट्टी घेऊन मजूर परतला की सोमवारी तीच डोकेदुखी पुन्हा सुरू होई. युरोप-अमेरिकेच्या कारखान्यांत या व्याधीला ‘सोमवारचा आजार’ असेच नाव पडले. तो टाळण्यासाठी मजुरांनी स्वतःच तोड काढली : सुट्टीच्या दिवशी नायट्रोग्लिसरीनचा अंश टोपीच्या पट्ट्याला लावून ठेवायचा, म्हणजे तो कपाळाच्या त्वचेतून झिरपत राही. औषधी पट्टीचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी मजुरांनी ती अशी डोक्यावर वागवली होती.

१७/
या सरावाची किंमत डोकेदुखीपुरती नव्हती. काही मजुरांना छातीत कळा येत, आणि त्याही कामावर नव्हे, तर सुट्टीच्या दिवशी. क्वचित अकस्मात मृत्यूही ओढवे. १९७२ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकी नियतकालिकात दारूगोळ्याच्या कारखान्यातील अशा कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासलेल्या अनेकांच्या हृदयधमन्यांत चरबीचे थर नव्हते. द्रव्याचा पुरवठा तुटला की धमनीच आकुंचन पावत होती, असा निष्कर्ष निघाला. ज्या औषधाने कळ थांबते, त्याच्या अभावी निरोगी धमनीलाही कळ येत होती.

१८/
इकडे दवाखान्यात नायट्रोग्लिसरीनची गोळी जिभेखाली ठेवण्याची पद्धत रूढ झाली. गिळलेले औषध आतड्यांतून आधी यकृतात जाते आणि तिथेच त्याचा बहुतांश नष्ट होतो. जिभेखालच्या शिरांतून ते यकृत टाळून थेट रक्तात पोचते आणि एक-दोन मिनिटांत गुण देते. पण अर्ध्या तासाच्या आसपास परिणाम संपतो. शिवाय द्रव्य उडून जाणारे. म्हणून गोळ्या मूळच्या काचेच्या बाटलीत घट्ट झाकून ठेवाव्या लागतात.

१९/
मग प्रतिबंध कसा साधायचा? यकृत टाळणारा दुसरा मार्ग त्वचेचा, आणि नायट्रोग्लिसरीनचा रेणू लहान व तेलात विरघळणारा असल्याने तो त्वचेतून सहज जातो. मजुरांना हे ठाऊकच होते. १९५५ मध्ये अमेरिकेत दोन टक्क्यांच्या मलमाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. मलम कागदाच्या पट्टीवर इंच मोजून पिळायचे आणि छातीला लावायचे. परिणाम काही तास टिके. पण कपडे चिकट होत आणि मात्रा हातागणिक बदले.

२०/
उत्तर आले कॅलिफोर्नियातून. उरुग्वेत जन्मलेले जीवरसायनशास्त्रज्ञ आलेहांद्रो झाफारोनी यांनी १९६८ मध्ये ‘अल्झा’ ही कंपनी काढली. औषध किती द्यायचे याइतकेच ते कोणत्या वेगाने द्यायचे हे महत्त्वाचे, असे त्यांचे सूत्र होते. १९७९ मध्ये प्रवासातील मळमळीवरची स्कोपोलामिनची पट्टी अमेरिकेत संमत झाली. पाठोपाठ १९८१ च्या सुमारास नायट्रोग्लिसरीनच्या पट्ट्या बाजारात आल्या.

२१/
रचना साधी होती. बाहेर अभेद्य आवरण, आत औषधाचा साठा, त्याखाली वेग नियंत्रित करणारा पातळ पडदा आणि शेवटी त्वचेला धरून ठेवणारा चिकट थर. काही पट्ट्यांत पडद्याऐवजी औषध एका लवचीक थरातच मुरवलेले असे. दोन्हींचे आश्वासन एकच : सकाळी एक पट्टी लावा, चोवीस तास रक्तात औषधाची पातळी सम राहील. डॉक्टर आणि रुग्ण दोघांनीही या सोयीचे स्वागत केले.

२२/
आश्वासन अक्षरशः खरे ठरले. रक्तातील पातळी खरोखरच सम राहत होती. पण गुण टिकत नव्हता. चालत्या पट्ट्यावर रुग्णांना चालवून पाहिले असता, पट्टी लावल्यावर पहिले काही तास त्यांना कळेविना अधिक चालता येई. चोवीस तासांनी फरक जवळजवळ नाहीसा होई. औषध रक्तात होते, धमन्या मात्र त्याला दाद देईनाशा झाल्या होत्या.

२३/
अमेरिकी औषध प्रशासनाच्या आग्रहावरून झालेली एक मोठी चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. ५६२ रुग्ण, निरनिराळ्या मात्रा, पट्टी अखंड चोवीस तास. मात्रा कितीही वाढवली तरी काही आठवड्यांनंतर रिकाम्या पट्टीहून अधिक लाभ दिसेना. त्याआधी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उपाय दिसलाच होता : पट्टी सुमारे बारा तास ठेवून काढून टाकली आणि दुसऱ्या दिवशी नवी लावली, तर गुण टिकतो. औषध संपूर्ण दिवस पुरवण्यात नव्हे, तर मध्येच थांबवण्यात यश होते.

२४/
इथे कारखान्यातला सोमवार आठवावा. अखंड संपर्कात शरीर सरावते, संपर्क तुटला की सराव मोडतो, आणि तुटीच्या काळात छातीत कळ येऊ शकते, ही तिन्ही सूत्रे मजुरांच्या शरीरांनी कित्येक दशके आधी मांडली होती. औद्योगिक आरोग्याच्या वाङ्मयात ती छापलेलीही होती. परंतु तिथे ती ‘कामगारांची तक्रार’ म्हणून नोंदली गेली, औषधशास्त्राचा पुरावा म्हणून नव्हे. ‘पातळी सम म्हणजे परिणाम सम’ हे गृहीतक त्यामुळेच पट्टी बाजारात येईपर्यंत फारसे अडवले गेले नाही.

२५/
असे का घडते, हे त्याहून उशिरा उमगले. १९७७ मध्ये फेरिद मुराद यांनी दाखवले की नायट्रोग्लिसरीनपासून नायट्रिक ऑक्साइड वायू सुटतो आणि तोच धमनीचा स्नायू सैल करतो. रॉबर्ट फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांच्या कामातून कळले की आपल्या रक्तवाहिन्या हा वायू स्वतःही बनवतात. तिघांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नोबेलची संपत्ती ज्या द्रव्याच्या स्फोटक गुणावर उभी राहिली, त्याच्याच औषधी गुणाच्या उलगड्यासाठी. २००२ मध्ये हे द्रव्य मोडणारे एक विकर सापडले. औषधाच्या सततच्या माऱ्याने हे विकर निष्प्रभ होते, आणि सरावामागील एक प्रमुख कारण ते मानले जाते.

२६/
पट्टीची मर्यादाही इतिहासाने नोंदवली आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जिस्सी-३’ या इटालियन चाचणीत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १९,३९४ रुग्णांचा समावेश होता. नायट्रोग्लिसरीन, आधी शिरेतून आणि मग पट्टीवाटे, दिल्याने सहा आठवड्यांतील मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. पट्टी वेदना टाळते, चालण्याचे बळ देते. धमनीतील अडथळा ती हटवत नाही. सोब्रेरोच्या देशानेच हा हिशेब मांडला.

२७/
ऐंशीच्या दशकात आणखी एक विलक्षण प्रसंग वैद्यकीय वाङ्मयात आला. हृदयाला विजेचा धक्का देताना छातीवरच्या पट्टीतून ठिणगी उडून आवाज झाला. स्फोटकाच्या इतिहासामुळे संशय स्वाभाविकच नायट्रोग्लिसरीनवर गेला. प्रयोगांती दोष निघाला आवरणातील ॲल्युमिनियमच्या पातळ थराचा. औषधातील मात्रा इतकी विरळ आणि अल्प असते की तिचा स्फोट होत नाही. तरीही धक्का देण्यापूर्वी पट्टी काढावी, हा नियम रूढ झाला.

२८/
आता हा इतिहास चुडाव्यासारख्या गावात आणून पाहावा. त्वचा तापली की पट्टीतील औषध अधिक वेगाने शोषले जाते, हे सॉनामध्ये केलेल्या प्रयोगांतून दिसले आहे. मराठवाड्याच्या वैशाखात, भर उन्हात राबणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. घामाने पट्टी सुटते. जागा रोज बदलावी लागते. आणि रात्री काढायची पट्टी ‘अजून चिकटलेली आहे, वाया कशाला घालवा’ म्हणून तशीच ठेवली, तर काटकसर औषधाचा गुणच घालवते.

२९/
पट्टीविना जाणाऱ्या तासांत कळ येऊ नये म्हणून डॉक्टर बहुधा जोडीला दुसरे औषध देतात. पट्टी आपल्या मनाने बंद करणे किंवा वाढवणे म्हणूनच धोक्याचे. सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांशी तिचा संयोग रक्तदाब घातक पातळीपर्यंत उतरवू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे : पट्टी प्रतिबंधासाठी आहे. सुरू झालेल्या कळेवर ती लावून गुणाची वाट पाहणे म्हणजे मोलाची वेळ दवडणे. तेव्हा उपयोग जिभेखालच्या गोळीचा. आणि कळ थांबत नसेल तर तत्काळ रुग्णालय गाठण्याचा.

३०/
मरेल, नोबेल, झाफारोनी, मुराद ही नावे या इतिहासात राहिली. टोपीच्या पट्ट्याला स्फोटक लावून रविवार काढणाऱ्या मजुरांची नावे राहिली नाहीत. आज पट्टीच्या वेष्टनावर ‘रोज दहा ते बारा तास काढून ठेवावी’ अशा आशयाची सूचना असते. चाचण्यांनी ती १९८९ नंतर सिद्ध केली. कारखान्यांत दर सोमवारी ती त्याआधीच लिहिली जात होती.